टांगलेले दही आणि गाजराची कांडी

मुलांनो,

दोन आठवड्यांपूर्वी डब्याच्या सुट्टीत तुमच्यातल्या एकीने मला विचारले, "काका, डिपला मराठीत काय म्हणतात?" तिच्या डब्यात गाजराच्या आणि काकडीच्या लांब कांड्या होत्या आणि एका छोट्या डबीत काहीतरी पांढरे, दाट. मी म्हणालो, "चटणी." ती म्हणाली, "चटणी हिरवी असते." मग मी म्हणालो, "रायते." त्यावर ती म्हणाली, "रायत्यात भाजी आधीच असते ना!" बरोबर होते तिचे. मी डबीतले बोटावर घेऊन चाखले आणि विचारले, हे काय आहे? "लबने," ती म्हणाली, "आई दुकानातून आणते."

मुलांनो, तो चक्का होता. दसऱ्याला आजी श्रीखंडासाठी फडक्यात दही बांधून ठेवते, तो चक्का. साखर नव्हती आणि वर थोडे मीठ होते, एवढाच फरक. पण तिला चक्का हा शब्द माहीत नव्हता आणि मला लबने चाखून पाहायचे दहा वर्षांत कधी सुचले नव्हते. तेव्हा दोघांचीही चूक दुरुस्त करायला हा पाठ.

आधी शब्द

आपल्याकडे कच्ची भाजी खायची पद्धत जुनी आहे. शेतावर झुणका-भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खातात, मुळा खातात, तो नुसताच. घरात मात्र भाजी आधी बारीक करायची आणि मग दह्यात, दाण्याच्या कुटात किंवा ओल्या नारळात कालवायची अशी रीत. ती झाली कोशिंबीर. (कोशिंबीर आणि कोथिंबीर यांत वर्गातली निम्मी मुले गोंधळतात. कोथिंबीर ही हिरवी पाने, कोशिंबीर हा पदार्थ. कोशिंबिरीवर कोथिंबीर घालतात, उलटे कधी करत नाहीत.) कोबी किंवा मुळा अगदी बारीक चिरून केली की तिला पचडी म्हणतात. मोहरी फेसून घातली की रायते. राई म्हणजे मोहरी, नाव त्यावरूनच. भाजी भाजून किंवा उकडून दह्यात कालवली की भरीत. ही नावे घराघरांत थोडी इकडची तिकडे होतात, त्यावरून आजीशी वाद घालू नका.

भाजी बारीक करण्याचे शब्द तर किती! चिरणे, कापणे, किसणे, ठेचणे, आणि माझा आवडता शब्द चोचवणे. चोचवणे फक्त काकडीचे. काकडी हातात उभी धरायची, सुरीने तिच्यावर जवळजवळ घाव घालायचे, जणू पक्षी चोच मारतो आहे, आणि मग वरून तासायचे. बारीक कण पडतात. खमंग काकडी अशीच करतात. हे काम मोठ्यांनी करायचे, तुम्ही नुसते बघायचे.

या सगळ्यांत भाजी दह्यात जाते आणि चमच्याने किंवा पोळीबरोबर पोटात जाते. ताटात तिची जागा डावीकडे, म्हणून ती 'तोंडी लावणे'. डिपमध्ये भाजी मोठी राहते, दही वेगळे राहते आणि दोघांची भेट खाणाऱ्याच्या हातात होते. म्हणजे डिप ही न कालवलेली कोशिंबीर आहे. आता कोशिंबिरीतले दही पातळ असले तरी चालते, पण कांडी पातळ दह्यात बुडवली तर दही ओघळून शर्टावर येते. दही कांडीला धरून राहायला हवे असेल तर त्यातले पाणी काढले पाहिजे. पाणी काढलेले दही म्हणजे चक्का. तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर: "तोंडी लावायचा चक्का." शब्द एक नाही, तीन झाले, पण काम भागते.

अरबीत ल-ब-न या तीन अक्षरांच्या मुळातून दुधाचे आणि पांढरेपणाचे शब्द तयार होतात. लबने त्यातलेच. लेबनॉन या देशाचे नावही त्याच मुळातले मानतात, तिथल्या डोंगरांवरच्या बर्फामुळे. गंमत अशी की 'लबन' म्हटले की इथे दुकानात ताक मिळते, सीरिया-लेबनॉनकडच्या माणसाला ते दही वाटते आणि इजिप्तच्या माणसाला दूध! आपल्याकडे दूध, दही, ताक, लोणी, तूप या पाच शब्दांत असा घोटाळा होत नाही.

हिशेब

आता थोडे गंभीर. माझ्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आज मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, दिवसभर खुर्चीत बसून काम करतो आणि गेल्या वर्षी रक्ताच्या तपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला. इतर देशांत हे वय ५९ च्या आसपास होते. त्या दिवसापासून मी दुकानात बाटल्या उलट्या करून मागचे बारीक अक्षर वाचू लागलो.

आमच्या मुलाच्या वाढदिवसाला गाजर-काकडीची थाळी ठेवली होती. मुलांनी भाज्या संपवल्या म्हणून आम्ही दोघे खूश. मग मी डिपची रिकामी बाटली वाचली. त्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण सगळ्या तशाच आहेत. पहिला घटक तेल. साध्या मेयोनीजमध्ये शंभर ग्रॅमला सत्तर ते ऐंशी ग्रॅम तेल असते. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे पंधरा ग्रॅममध्ये, जवळजवळ अकरा ग्रॅम. मुलांनी गाजर खाल्ले नव्हते, गाजराच्या चमच्याने तेल खाल्ले होते. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत 'लाइट' असले तर तेल कमी असते हे खरे, पण किती कमी ते मागेच कळते. आणि तिथेही एक युक्ती असते: आकडे शंभर ग्रॅमचे न देता एका 'सर्व्हिंग'चे देतात. एक सर्व्हिंग एवढेसे असते की त्यात दोन कांड्याही भिजणार नाहीत. म्हणून दोन बाटल्यांची तुलना नेहमी शंभर ग्रॅमवर करायची.

आता चक्क्याकडे वळू. इथे मी एकदा फसलो, ती गोष्ट सांगतो, कारण टक्केवारीचा धडा त्यात आहे.

मी १.५ टक्के स्निग्धांशाचे दूध आणले. (स्निग्धांश म्हणजे फॅट. भारतात दुधाच्या पिशवीवर हा शब्द पाहिला असेल.) त्याचे दही लावले, टांगले आणि मोठ्या अभिमानाने घरी सांगितले की हा दीड टक्क्याचा चक्का आहे. आमच्या मुलाने विचारले, "पण पाणी तर निघून गेले ना?" मी गप्प.

हिशेब असा. एक किलो दह्यात दीड टक्का, म्हणजे १५ ग्रॅम स्निग्धांश. रात्रभर टांगल्यावर साधारण ४०० ग्रॅम चक्का उरतो, ६०० ग्रॅम पाणी खाली पडते. दही लागते तेव्हा केसीन नावाच्या प्रथिनाचे जाळे तयार होते आणि स्निग्धांशाचे कण त्या जाळ्यात अडकून बसतात. ते फडक्यातच राहतात. थोडे पाण्याबरोबर जातात, ते सोडून देऊ. म्हणजे ४०० ग्रॅम चक्क्यात तेच १५ ग्रॅम. १५ भागिले ४००, बरोबर ३.७५ टक्के. दीड टक्क्याचे पावणेचार टक्के झाले! स्निग्धांश एक ग्रॅमही वाढला नाही, पाणी कमी झाले. टक्केवारी दिसली की 'कशाचे टक्के?' हा प्रश्न विचारायचा, मग ते दही असो की परीक्षेचे गुण.

हाच हिशेब मलईदार दुधाला लावा. ३.५ टक्क्यांच्या दुधाच्या किलोभर दह्यात ३५ ग्रॅम, चक्का झाला की पावणेनऊ टक्के. साय पूर्ण काढलेल्या दुधात ०.२ टक्के धरले तर चक्का अर्ध्या टक्क्याचा. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत पाऊण ग्रॅमही नाही, पावणेचार ग्रॅम किंवा पावणेनऊ ग्रॅम, जे निवडाल ते. आणि शेजारी मेयोनीजची वाटी, त्यात पंचाहत्तर. उष्मांक मोजायचे तर स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला नऊ, प्रथिने आणि कर्बोदकांना चार. मेयोनीजच्या वाटीत तेलाचेच पावणेसातशे होतात, मधल्या चक्क्याच्या वाटीत सगळे मिळून ऐंशीच्या आसपास. शिवाय पाणी गेल्याने प्रथिनेही दाट होतात: दह्यात साडेतीन टक्क्यांच्या जवळ, चक्क्यात सात किंवा त्याहून जास्त.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मेयोनीजमधले तेल वनस्पतीचे असते आणि दुधाच्या स्निग्धांशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्त असतो, जो हृदयाला जास्त त्रासदायक. त्यामुळे 'चक्का आहे, कितीही खा' असे नाही. दुकानातले लबने बहुधा मलईदार दुधाचे असते आणि वर ऑलिव्ह तेल ओततात. तेही वाचून घ्यावे. हुमुसमध्ये हरभरे असतात ते उत्तमच, पण तिळाच्या ताहिनीत निम्म्याहून जास्त तेल असते. चांगले तेल असले तरी ते तेलच, म्हणून चमचा बघून घालावे.

मग स्निग्धांश शून्यच का करू नये? याचे उत्तर आपल्या घराशेजारीच उभे आहे, एका पायावर.

रास अल खोर म्हणजे अरबीत खाडीचे टोक. रास म्हणजे डोके किंवा टोक, खोर म्हणजे खाडी. मराठीत मात्र रास म्हणजे ढीग. इथल्या फळा-भाज्यांच्या घाऊक बाजारात गेलात तर दोन्ही अर्थ एकदम पटतात. हा बाजार पूर्वी देऱ्यात हमरियाला होता, २००४ साली तो अल अवीरच्या बाजूला, आपल्या रास अल खोरला आला. शनिवारी सकाळी लवकर तिथे गेले की भारत, इराण, ओमान, जॉर्डनची खोकी एकावर एक रचलेली दिसतात. आणि खाडीच्या टोकाला अभयारण्य, जिथे थंडीत शेकडो रोहित पक्षी उभे असतात. हे अभयारण्य २००७ साली रामसर यादीत गेले. रोहित जन्मतः गुलाबी नसतो, राखाडी असतो. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांच्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये त्याच्या पिसांत उतरतात. गाजराचा केशरी रंग त्याच कुळातला. आपल्या शरीरात गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनते, पण ते रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात काही जणांना कच्च्या भाज्यांचे सॅलड दिले, कधी बिनतेलाच्या मसाल्याबरोबर, कधी तेलाच्या. बिनतेलाच्या वेळी रक्तात कॅरोटिनॉइड जवळजवळ उतरलेच नाहीत. माणसे थोडीच होती, पण कारण समजण्यासारखे आहे. तेव्हा थोडा स्निग्धांश हवा. म्हणून आमच्या घरी दीड टक्क्याच्या दुधाचा चक्का ठरला. वर एक लहान चमचा तेलाची फोडणी, ते सुमारे साडेचार ग्रॅम.

कृती

संध्याकाळी एक लिटर दूध उकळून कोमट होऊ द्यावे. कोमट म्हणजे बोट दहा आकडे मोजेपर्यंत सोसेल इतके. तुमचे बोट नको, आईबाबांचे. त्यात एक चमचा दही मोडून घालावे. याला विरजण लावणे म्हणतात. इथे वातानुकूलन असल्याने दही कधी कधी सकाळपर्यंत लागतच नाही. पातेले बंद ओव्हनमध्ये आतला दिवा लावून ठेवले की लागते. ओव्हन पेटवायचा नाही. उन्हाळ्यात नेमके उलटे, स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन-चार तासांत लागते आणि विसरलात तर आंबट होते. आंबट दह्याचा चक्का आंबटच, त्यावर उपाय नाही.

लागलेले दही तासभर फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करावे. मग स्वच्छ मलमलचे फडके किंवा पंचा ओला करून, पिळून, खोलगट भांड्यावर पसरावा, त्यात दही ओतावे आणि चार टोके बांधून पुरचुंडी करावी. सांगलीला आमची आजी ती नळाला टांगून रात्रभर सोडत असे. दुबईत तसे करू नका. मी फ्रिजच्या वरच्या जाळीला पुरचुंडी बांधतो आणि खाली पातेले ठेवतो. जाळी नसेल तर चाळणीत ठेवून वर वजन ठेवले तरी चालते. सहा ते आठ तास पुरे.

खाली पडलेले पिवळसर-हिरवट पाणी फेकू नका. तो रंग ब-२ जीवनसत्त्वाचा आहे, आणि पाण्यात प्रथिनेही आहेत. त्यात थालीपिठाचे पीठ भिजवा किंवा ते कढीत घाला.

कमी स्निग्धांशाच्या चक्क्याची एक खोड आहे. तो थोडा रवाळ लागतो, खडूसारखा. बाटलीतल्या डिपचा मऊपणा तेलाने येतो. इथे तो कामाने आणायचा. श्रीखंडासाठी करतात तसा चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढायचा आणि मग दोन मोठे चमचे निवळीचे पाणी घालून रवीने किंवा काट्याने पाच मिनिटे घोटायचा. पाच म्हणजे पाच. तिसऱ्या मिनिटाला तो अजून रवाळ असतो आणि पाचव्याला एकदम बदलतो. आमच्याकडे हे काम मुलाचे.

आता चव. दोनशे ग्रॅम चक्क्याला एक लसणाची पाकळी, अर्धी हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर मिठाबरोबर ठेचून घालावी, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. वर एक लहान चमचा तेलात मोहरी आणि चिमूटभर हिंग, फोडणी निवली की ओतावी. गरम फोडणी ओतली तर चक्का फाटल्यासारखा दिसतो. दाण्याचा कूट घालायचा मोह होईल. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, तर एक चमचा पुरे.

दुसरा प्रकार मुलांना जास्त आवडला. एक लहान बीट उकडून किसायचे आणि त्यातले दोन चमचे चक्क्यात घोटायचे. रंग थेट अभयारण्यातला. आमच्याकडे त्याला रोहित चक्का नाव पडले आहे. (बिटाचा रंग कॅरोटिनॉइडचा नव्हे, ते रंगद्रव्य वेगळे. पण नाव पडले ते पडले.) भाजलेले वांगे घोटून घातले की दह्यातले भरीतच होते आणि इथल्या उपाहारगृहातल्या मुतब्बलचा मावसभाऊ.

भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवाव्यात आणि पुसून कोरड्या कराव्यात. ओल्या कांडीवर चक्का बसत नाही. कापून त्यांना मीठ लावायचे नाही. मीठ लावले की काकडीतले पाणी बाहेर येते, म्हणून तर कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घालतात. डिपमध्ये मीठ चक्क्यात असते आणि काकडी शेवटपर्यंत कुरकुरीत राहते. या एका बाबतीत डिप कोशिंबिरीपेक्षा सरस आहे, हे कबूल करायला हवे. चक्का फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. बाहेर काढला की दोन तासांत संपवावा; उन्हाळ्यात बागेत किंवा समुद्रावर नेला तर तासाभरातच.

स्वाध्याय

१. दोन टक्के स्निग्धांशाच्या दुधाचे दीड किलो दही टांगले. ६०० ग्रॅम चक्का मिळाला. त्यात स्निग्धांश किती टक्के? त्यावर दहा ग्रॅम तेलाची फोडणी घातली तर किती?

२. चिरणे, किसणे, ठेचणे, चोचवणे, घोटणे, कालवणे. प्रत्येक शब्द वापरून एक वाक्य लिहा. चोचवणेचे वाक्य काकडीचेच हवे.

३. घरातल्या कोणत्याही दोन बाटल्यांवरचे शंभर ग्रॅमचे आकडे वहीत उतरवून आणा. शंभर ग्रॅमचे दिलेले नसतील तर सर्व्हिंगवरून काढा.

४. आजी किंवा आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या गावी दही कशात टांगत आणि खाली पडलेल्या पाण्याला काय म्हणत? मी निवळी म्हणतो. वेगळा शब्द मिळाला तर पुढच्या आठवड्यात फळ्यावर लिहू.

— एक पालक